आल्या दिवशी गड्डा नाही

यंदाही मैदानात पाळण्याचे खांब येऊन पडले. सकाळी ड्यूटीवरून घरी येताना पाहिले. ट्रकमधून नुकतेच उतरवलेले, जुन्या निळ्या रंगाचे, दवानं ओले झालेले. बाजूला एक बाई तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवत होती आणि तिचा नवरा नटबोल्टांच्या डब्यात हात घालून काहीतरी शोधत होता. उभा राहिलेला पाळणा सगळ्या गावाला दिसतो. आडवा पडलेला पाळणा माझ्यासारख्या सकाळी घरी परतणाऱ्यांनाच दिसतो, आणि मला तो तसाच जास्त ओळखीचा आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. काठ्यांची मिरवणूक, होम, शोभेचं दारूकाम हे सगळं देवाचं; पाळणे, मौत का कुआँ, आरसेमहाल, पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढणारे, हे सगळं पोरांचं. ज्याचं घर सोलापुरात आहे त्याच्याकडे या दिवसांत पाहुणे येतातच, आणि आमचं घर तर मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. या दिवसांत आमच्या गल्लीतल्या दोऱ्यांवर कपडे कमी आणि चादरी जास्त वाळत असतात.

पाहुण्यांसाठी माझा एकच नियम होता. आल्या दिवशी गड्डा नाही.

मी परिचारिका आहे. बाहेरगावचा पेशंट वॉर्डात येतो तेव्हा तो आधी प्रवासानं दमलेला असतो आणि मग आजारानं. त्या दिवशीच्या नाडीवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. अंग पुसा, खायला घाला, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी खरा आजार दिसतो. पाहुण्यांचंही तेच. एसटीतून उतरून पोरांना थेट पाळण्यात बसवणारी माणसं मी पाहिली आहेत. पोर वरून ओकतं, खालच्या पाळण्यातली माणसं शिव्या देतात, आई पोराला मारते, बाप आईवर ओरडतो, आणि चार दिवसांच्या जत्रेचा पहिला दिवस असा जातो. म्हणून आमच्याकडे आल्या दिवशी कढत पाण्यानं हातपाय धुवायचे, गरम जेवायचं, दुपारी चादर ओढून झोपायचं, संध्याकाळी गच्चीवरून गड्ड्याचे दिवे बघायचे आणि लवकर निजायचं. मैदान दुसऱ्या दिवशी. आमचे हे गिरणीत होते आणि त्यांची जीभ मोकळी होती. ते पाहुण्यांना दारातच सांगत, ‘आमच्याकडं पाव्हण्याला पहिल्या दिवशी ॲडमिट करून घेतात. डिस्चार्ज उद्या.’

हा दिवस आखताना मला खरं तर जत्रेपेक्षा जास्त मजा यायची, हे कबूल करायला हरकत नाही. बंब किती वाजता पेटवायचा, कुणाला भिंतीकडेला झोपवायचं, शेंगांची चटणी आदल्या दिवशीच कुटून ठेवायची, पोरांना दुपारी खेळायला काय द्यायचं म्हणजे ती मैदानाचं नाव काढणार नाहीत. माणसाला आराम द्यायचा तर त्यामागे दुसऱ्या कुणाला तरी पुष्कळ धावावं लागतं.

दुष्काळ सरल्यानंतरच्या पहिल्या गड्ड्याला मी असाच एक दिवस आखला होता, इतर कुठल्याही वर्षीपेक्षा जास्त काळजीनं. त्या वर्षी माझी धाकटी बहीण कमल आणि तिचा नवरा महादेव वळसंगाहून येणार होते.

आम्ही मूळच्या मोहोळच्या. आईवडील लवकर गेले, त्यामुळे कमलचं लग्न मी आणि आमच्या ह्यांनी करून दिलं. घर शेतीवाडीचं, माणसं सरळ, महादेव तर इतका मऊ बोलणारा की बैलालासुद्धा त्यानं शिवी दिलेली कुणी ऐकली नव्हती. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्याआधीच्या दिवाळीला कमल आली तेव्हा करंज्या लाटता लाटता म्हणाली, ‘अक्का, सासूबाई पोरगी बघायला लागल्यात.’ म्हणजे महादेवासाठी दुसरी. हातातलं लाटणं न थांबवता म्हणाली.

मी तिला आमच्या इस्पितळात दाखवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि तिच्यात काही दोष नाही म्हणून सांगितलं. मग उरला महादेव. त्यालाही तपासून घ्यायला हवं होतं, आणि हे त्याला वळसंगात कोण सांगणार? आई सांगणार नाही, भाऊबंद सांगणार नाहीत, कमलला तर तोंडच नाही. सांगायचं तर मीच, माझ्या घरात, त्याचा मान ठेवून. त्या जत्रेत माझ्या दृष्टीनं एवढंच काम होतं: पाळणा नव्हे, दारूकाम नव्हे. महादेवानं एकदा तपासून घेतलं, औषधपाणी केलं, वर्षभर थांबला, तर कमलचा संसार राहील.

आणि असं बोलणं आल्या दिवशी करायचं नाही. हे तर माझ्या नियमाच्याही आधीचं आहे. जावई माणूस, घरातल्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो दारात आला की त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायचा, भानगड नाही. ते भोगीला येणार होते. दुसऱ्या दिवशी संक्रांत, त्या दिवशी तिळगूळ वाटायचा आणि कडू बोलायचं नाही. तिसरा दिवस करीचा. करीला आमच्याकडे कुणी नवं काम काढत नाही, प्रवासाला निघत नाही, गाव सोडत नाही. म्हणजे महादेव दिवसभर घरातच असणार. जेवण झाल्यावर आमचे हे पान लावून देतील, मी बाजूला बसेन आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते तसं बोलेन. सगळं जागच्या जागी बसलं होतं. कमलनं निरोपातून विचारलं होतं, बोलशील नव्हं? मी उलट निरोप पाठवला, बोलते, करीला.

भोगीच्या सकाळी दोघं टांग्यातून उतरली. कमलनं हिरवं लुगडं नेसलं होतं, केसात गजरा नव्हता पण नुकतंच न्हाणं झाल्यासारखे केस चमकत होते. टांग्यातून आधी महादेव उतरला, मग एक मोठी पत्र्याची ट्रंक. ती उतरवायला टांगेवाल्याला हात लावावा लागला. आमच्या ह्यांनी ट्रंकेकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘काय पाव्हणं, गड्ड्यात दुकान लावायचं हाय का?’ महादेव हसला. कमल म्हणाली, ‘घरात उंदीर लई झाल्यात. सासूबाईंनी समदी लुगडी भरून दिली, म्हनल्या, हितं कुरतडत्यात, ने तिकडं.’ चार दिवसांच्या जत्रेला सात वर्षांची लुगडी. आम्ही सगळेच हसलो. ट्रंक खाटेखाली सरकवली.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, कारण सगळं मी ठरवलं होतं तसंच झालं. माझ्या आयुष्यात असे दिवस थोडे.

बंबातलं पाणी वाफाळत होतं. महादेवानं पाय धुतले तेव्हा टाचांच्या भेगांत काळ्या रानाची माती होती, ती मोरीत वाहून गेली. भोगीची भाजी झाली होती, पावटे, वांगी, गाजर, हरभऱ्याचे ओले घाटे, तिळाचं कूट. बाजरीच्या भाकरीवर तीळ टचटच फुगले होते. मुगाची खिचडी, लोण्याचा गोळा. महादेव भाकरी कुस्करत नव्हता, मोडून हळूहळू खात होता. आमचे हे आग्रह करत होते. कमल वाढत होती आणि वाढता वाढता माझ्याकडे बघत होती, बघ, जेवतोय, बघ, खूश आहे. दुपारी अंगणात खाटेवर ऊन पडलं होतं. मी त्याला नवी चादर दिली, वेलबुट्टीची, अजून घडीही न मोडलेली. तो उन्हात झोपला. गिरणीचा भोंगा झाला तरी उठला नाही. आमच्या मुलांना मी आवाज न करण्याची ताकीद दिली होती. ती बिचारी पायरीवर बसून चिंचोके खेळत होती आणि चिंचोका पडला तरी एकमेकांना गप्प करत होती.

कमल मात्र बसली नाही. भांडी घासली, अंगण सारवलं, त्याचा सदरा धुतला, चुलीपाशी बसून उद्याचा तिळगूळ वळला. मी दोनदा म्हटलं, अगं, आजचा दिवस आरामाचा आहे. ती म्हणाली, मग मी दुसरं काय करतेय. तिच्या बोटांना पाकाचे चटके बसत होते आणि ती फुंकरही घालत नव्हती.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. तिकडे पाळणा उभा होता आणि त्याच्या कडेनं दिवे लागले होते. कर्ण्यांचे आवाज एकमेकांत मिसळून येत होते: मौत का कुआँवाला, फोटोवाला, कुठल्याशा औषधाची जाहिरात. वाऱ्याबरोबर भज्यांच्या तेलाचा वास. माझ्या धाकट्यानं महादेवाला विचारलं, काका, तुम्ही वर गेल्यावर घाबरता का? तो म्हणाला, ‘म्या कशाला घाबरतोय. तुजी मावशीच घाबरती, माझा दंड धरती.’ कमल लाजली. एवढ्या वर्षांनी लाजली.

मुलं खाली गेल्यावर महादेव कठड्याला टेकून उभा राहिला. म्हणाला, ‘अक्का, तुमच्याशी जरा बोलायचं हुतं.’

मी म्हटलं, ‘आज काही नाही. आज आराम. बोलायला पुढं दिवस आहेत.’

तो म्हणाला, ‘बरं,’ आणि पुन्हा दिव्यांकडे बघत राहिला.

संक्रांतीला गड्ड्यात गेलो. सगळं पाहिलं. कमल पाळण्यात बसली आणि खरंच त्याचा दंड धरून बसली. आरसेमहालात आमचे हे कमरेतून वाकडे दिसले, मुलं खाली बसून हसली. पुठ्ठ्याच्या विमानात कमलनं महादेवाबरोबर फोटो काढून घेतला. विमानाच्या खिडकीतून दोघांची फक्त तोंडं दिसतात. त्यानं तिला बांगड्या भरल्या. कासारणीनं हात दाबताना विचारलं, लेकरं किती? आणि महादेवच मधे बोलला, ‘हिरव्या न्हाईत का मावशी अजून गडद?’ मला वाटलं, माणूस हिला जपतोय. हे मी मनात लिहून ठेवलं, उद्याच्या बोलण्यात उपयोगी पडेल म्हणून.

करीच्या सकाळी त्यानं अंघोळ केली, चहा घेतला, आणि जनावरांच्या बाजारात बैल बघून येतो म्हणाला. जत्रेत जनावरांचा बाजार मोठा भरतो, शेतकरी माणूस गेल्याशिवाय राहत नाही. कमलनं टोपी झटकून दिली. दुपारी जेवायला थांबलो. आमच्या ह्यांनी पानं लावून ठेवली होती, ती ओल्या फडक्यात गुंडाळली. उन्हं कलली तेव्हा त्यांच्या गावचा एक ओळखीचा म्हातारा देवदर्शन करून आमच्या दारावरून चालला होता. कमलनं त्याला हाक मारून विचारलं, आमचं मानूस दिसलं का बाजारात? तो म्हणाला, बाजारात न्हाई, सकाळी स्टँडवर दिसला. वळसंगच्या गाडीत बसला की.

आमचे हे म्हणाले, काहीतरी अडचण आली असेल, गाय व्यायली असेल, उद्या येईल. मी पण तसंच काहीतरी म्हटलं. दारूकाम अजून व्हायचं होतं, मुलं त्याच्याबरोबर जायचं म्हणून बसली होती. कमल आमच्या दोघांकडे, आपण एखाद्या लहान मुलाकडे बघतो तशी, बघत होती.

‘अक्का,’ ती म्हणाली, ‘करीला कुणी गाव सोडतं का? फिरून यायचंच नसलं तर सोडतं.’

मग तिनं ट्रंक ओढली आणि उघडली. मी पहिल्यांदाच आत पाहिलं, आणि बहुधा तिनंही. वर लुगडी होती. त्याखाली तिचा लग्नातला शालू, रुखवताची चांदीची वाटी, तिच्या देवांतली, कापडात गुंडाळलेली अन्नपूर्णा, आणि तळाशी तिची जुनी फणी, दात मोडलेली. फणीसुद्धा ठेवून घेतली नव्हती.

मी ट्रेनिंगला होते तेव्हा आमच्या मेट्रन सांगत, रात्री शांत झोपलेला पेशंट बरा होतोय असं समजू नका, कधीकधी आपलं काय ठरलंय ते त्याला कळलेलं असतं. तेव्हा हे उगाच गंभीर वाटायचं. आता मला वाटतं, आराम हा ठरवून टाकलेल्या माणसालाच लाभतो. ज्याला अजून आशा आहे तो भांडी घासतो, अंगण सारवतो, चटके बसले तरी तिळगूळ वळतो. त्या भोगीला आमच्या घरात आराम एकट्या महादेवानंच केला.

पुढं काय काय केलं ते थोडक्यात सांगते, त्यात सांगण्यासारखं फार नाही. आमचे हे वळसंगला जाऊन आले. सासूबाईंनी चहा दिला, खुशाली विचारली, म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या की चार दिस भैनीकडं, तब्येत सुधरू द्या. महादेव शेतात होता. दुसऱ्या खेपेलाही शेतात होता. वैशाखात त्यानं दुसरं लग्न केलं. मी वकिलांकडे गेले. ते म्हणाले, गुन्हा आहे, खटला होईल, साक्षीदार आणा. कमल म्हणाली, ‘नवऱ्याला जेलात घालून मी नांदायला कुटं जाऊ?’ खटला केला नाही. ती आता अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला जाते. आमच्याकडेच राहते. मंगळसूत्र काढलेलं नाही. आमचे हे पूर्वी तिच्याशी थट्टा करत, आता तिच्यासमोर जपून बोलतात, आणि मला ते थट्टेपेक्षा जास्त लागतं.

शेजारीपाजारी कुणीतरी म्हणालं, गच्चीवर तो बोलायला आला तेव्हाच बोलू द्यायचं होतं. मी याचा विचार केलाय, आणि मला तसं वाटत नाही. तो जे बोलणार होता ते ट्रंकेत भरून आधीच आलं होतं. मी ऐकून घेतलं असतं तर कमल करीऐवजी भोगीलाच रडली असती. फरक दोन दिवसांचा. त्या दोन दिवसांत ती पाळण्यात बसली. ते तिला मिळालं म्हणावं, की मिळायला नको होतं म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक गोष्ट माझ्याजवळ उरली होती. महादेवानं तपासून घेतलेलं नव्हतं. दुसरीलाही मूल होणार नाही, मग त्यांचे डोळे उघडतील, मग कमलला मानानं घेऊन जातील, असं मी मनातल्या मनात धरून होते. हे काही चांगलं चिंतणं नव्हे, पण माझी सगळी आशा त्यावरच होती. गेल्या पावसाळ्यात वळसंगाहून बातमी आली, मुलगा झाला. नॉर्मल बाळंतपण, बाळ चांगलं. दोष कमलमध्ये नव्हता, महादेवातही नव्हता. असं होतं कधीकधी. आम्ही वॉर्डात बघतो, कारण सापडत नाही. कारण सापडत नाही तेव्हा औषधही नसतं.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण नुसते ते खांब नाहीत. परवा वळसंगचा एक ज्वारीवाला, जो आमच्या गल्लीत माप घालायला येतो, दारात येऊन घुटमळला. म्हणाला, बाई, महादेवाचा निरोप हाय. बायको-लेकराला घेऊन तो गड्ड्याला येतोय. थंडी लई, लेकरू बारकं, धर्मशाळेत गर्दी. आल्या दिवसापुरतं तुमच्याकडं टेकलं तर चालंल का, असं विचारलंय.

मला रागसुद्धा लगेच आला नाही. महादेवाला यात काही वावगं वाटलं नसणार, हे मला माहीत होतं. तो मऊ माणूस आहे, त्याला सगळीकडे जागा असते. मग मी सांगितलं, जागा नाही म्हणावं. घर भरलंय.

कमल आत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

‘लेकरू केवढं हाय?’ तिनं विचारलं.

‘बसाय लागलंय,’ तो म्हणाला.

‘येऊ द्या म्हनावं.’

ज्वारीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पोतं उचलून निघून गेला. मी दार लावलं. मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. स्वाभिमान वगैरे शब्द त्यात होते. ती भिंतीला टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, ‘येतील तर, अक्का. कसं का हुईना, हितं येतील तर.’

यावर कुठला डॉक्टर काही सांगू शकेल असं मला वाटत नाही. ती आत गेली, डबा उघडून तांदूळ बघितले, निवडायला ताटात ओतले, आणि तिथूनच विचारलं, ‘बसाय लागलेलं लेकरू मऊ भात खातं न्हवं गं?’

‘खातं,’ मी म्हटलं. ‘मीठ बेतानं घाल.’